जठराच्या वरच्या टोकाचा कर्करोग : शस्त्रक्रिया केव्हा, कोठे आणि पुढे काय?

भाकरीचा घास छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी अडकल्यासारखा वाटतो आणि पाण्याच्या घोटाबरोबर खाली उतरतो. पहिल्या वेळी त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. महिन्याभरात भाकरी आमटीत कुस्करून खाण्याची सवय होते. मग भाकरी सुटते, भात येतो. भातही जड जाऊ लागला की पेज आणि दूध. माणूस वयस्कर असेल तर घरच्यांना दातांचा दोष वाटतो, मधल्या वयाचा असेल तर ‘ॲसिडिटी’चा. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्याजवळ होणारा कर्करोग बहुधा अशाच पावलांनी पुढे सरकतो. अन्ननलिका लवचीक असते. तिची पोकळी बरीच आक्रसेपर्यंत ती तक्रार करीत नाही आणि माणूसही आहार बदलत आजाराशी जुळवून घेत राहतो. शस्त्रक्रियेने रोग मुळातून काढता येईल की नाही, याचा निकाल पुष्कळदा याच काही महिन्यांत लागून गेलेला असतो.

बारामती परिसराला कर्करोगाची शस्त्रक्रिया ही गोष्ट अपरिचित नाही. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरची दोन दशके ते राजकारणात वावरत राहिले. आपल्या आजाराविषयी ते जाहीरपणे बोललेही आहेत. ‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’ ही समजूत त्या एका उदाहरणाने या भागात जेवढी ढिली केली असेल, तेवढी अनेक व्याख्यानांनीही केली नसेल. परंतु तोंडातला चट्टा आरशात दिसतो, जिभेला जाणवतो. जठराचा वरचा भाग बरगड्यांच्या आड, श्वासपटलाच्या खाली दडलेला असतो. तेथील गाठ हाताला लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

दुसरी अडचण अशी, की महाराष्ट्रात हा आजार तुलनेने कमी आढळतो. देशातील कर्करोग नोंदणीत जठराच्या कर्करोगाचे सर्वाधिक प्रमाण मिझोरममध्ये दिसते. चेन्नई, बंगळूरकडेही ते महाराष्ट्रापेक्षा अधिक आहे. साहजिकच येथे घास अडकण्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाच्या बाबतीत कर्करोगाची शंका उशिरा येते आणि आम्लतेच्या गोळ्यांवर दोन-तीन महिने जातात. या गोळ्या घातक व्रणावरही तात्पुरती खपली धरू शकतात, त्यामुळे बरे वाटल्याचा भासही होतो.

इंदापूरहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी ओलांडले की बार्शी येते. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता या नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्ण शोधत. एवढ्या बोलण्यानेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या टप्प्यात येऊ लागले, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. पुढे त्याच आजारासाठी उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक महिलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये जगभर गाजले. जठरासाठी मात्र अशी सोपी, स्वस्त तपासणी उपलब्ध नाही. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी सरकारी खर्चाने जठराची तपासणी होते; तेथे आजारच इतका आहे की ते परवडते. आपल्याकडे निरोगी माणसांच्या घशात सरसकट दुर्बीण घालण्यात अर्थ नाही. म्हणून लक्षण हीच घंटा. घास अडकणे, थोडे खाताच पोट गच्च होणे, कारणाविना वजन घटणे, डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्त कमी होत जाणे. यांपैकी घास अडकणे हे लक्षण तर कोणत्याही वयात दुर्बिणीच्या तपासणीला, म्हणजे एंडोस्कोपीला, पुरेसे कारण आहे. ही तपासणी काही मिनिटांची असते आणि तिच्यासाठी आता पुण्यापर्यंत जावेच लागते असेही नाही.

सांध्यावरची गाठ

जठराच्या खालच्या भागातील कर्करोगाशी ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जिवाणूचा निकटचा संबंध आहे. या जिवाणूच्या शोधाबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सांध्याजवळच्या कर्करोगात मात्र वर्षानुवर्षांची आम्लपित्ताची उलटी वाट, स्थूलता आणि तंबाखू यांचा वाटा मोठा समजला जातो. आपल्याकडे मिरचीच्या ठेच्याला पहिला आरोपी ठरविण्याची पद्धत आहे. मिसरी आणि विडी यांच्याविरुद्धचा पुरावा कितीतरी भक्कम असताना त्या मात्र सुटून जातात.

गाठीचे केंद्र नेमके कोठे आहे, यावर शस्त्रक्रियेचा आराखडा ठरतो. जर्मन शल्यविशारद सिव्हर्ट यांनी त्यासाठी केलेली विभागणी जगभर वापरली जाते. केंद्र सांध्याच्या एक ते पाच सेंटिमीटर वर असेल तर पहिला प्रकार, वर एक आणि खाली दोन सेंटिमीटर या पट्ट्यात असेल तर दुसरा, त्याखाली पाच सेंटिमीटरपर्यंत असेल तर तिसरा. पहिला प्रकार अन्ननलिकेचा कर्करोग मानून हाताळला जातो, तिसरा जठराचा. दुसऱ्याविषयी शल्यचिकित्सकांत आजही मतभेद आहेत. दोन रुग्णालयांनी एकाच रुग्णाला दोन वेगळ्या शस्त्रक्रिया सुचविल्या तर त्यात एकजण अडाणी असतोच असे नाही.

तुकडा तपासणीत, म्हणजे बायोप्सीत, कर्करोग निश्चित झाला की छाती व पोटाचा सीटी स्कॅन होतो. त्यात यकृत, फुप्फुसे, दूरच्या लसीकाग्रंथी दिसतात. पण पोटाच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे उदरपटलावर, पसरलेले साबुदाण्याएवढे दाणे निसटू शकतात. यासाठी अनेक केंद्रे आधी बेंबीजवळ लहानसे छिद्र पाडून लॅप्रोस्कोपी करतात, पोटात पाणी फिरवून ते तपासतात. रुग्णाच्या नातेवाइकांना हा खर्च वाढविण्याचा प्रकार वाटतो. वास्तविक, पोट निष्कारण उघडण्याचे संकट ती टाळते. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ ही खेडोपाडी रुजलेली समजूत आली कोठून? पूर्वी स्कॅन नव्हते. पोट उघडल्यावर रोग सर्वत्र दिसे, डॉक्टर काही न काढता पुन्हा टाके घालत आणि रुग्ण काही महिन्यांत दगावे. रोग आधीच पसरलेला होता. दोष सुरीच्या माथी बसला.

आधी औषध, मग सुरी

गाठ लहान आणि केवळ आतल्या अस्तरापुरती असेल तर काही रुग्णांत ती दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते. जपानने हे तंत्र विकसित केले. आपल्याकडे इतक्या लवकर आलेले रुग्ण विरळ. बहुसंख्यांची गाठ भिंतीत खोल गेलेली किंवा शेजारच्या ग्रंथींत पोचलेली असते, आणि अशा रुग्णाला डॉक्टर म्हणतात, ‘लगेच शस्त्रक्रिया नको, आधी केमोथेरपी.’ कुटुंब हादरते ते येथे. गाठ पोटात ठेवून दोन महिने थांबायचे? तेवढ्यात ती वाढली तर? मग ‘उद्याच करतो’ म्हणणारा कोणी सापडतो का, याची शोधाशोध सुरू होते.

या थांबण्यामागे ठोस आधार आहे. ब्रिटनमधील ‘मॅजिक’ चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी पाच वर्षांनी २३ टक्के रुग्ण हयात होते. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर केमोथेरपी मिळालेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के निघाले. २०१९ मध्ये जर्मनीतील ७१६ रुग्णांच्या चाचणीत चार औषधांच्या ‘फ्लॉट’ या मिश्रणाने ते ४५ टक्क्यांपर्यंत नेले. दर पंधरवड्याला एक, अशा चार फेऱ्या आधी आणि चार नंतर, असे त्याचे वेळापत्रक असते. ‘नंतरच्या’ फेऱ्या पुष्कळांना झेपत नाहीत, कारण जठर गेल्यावर अंगात ताकद उरलेली नसते. आधीच्या फेऱ्या बहुतेकांच्या पूर्ण होतात. रक्तात किंवा डोळ्याआडच्या ग्रंथींत निसटलेल्या पेशींवर मारा होतो तो तेव्हाच. अन्ननलिका व सांध्याच्या ग्रंथिल कर्करोगात किरणोपचारासह दिलेली केमोथेरपी सरस की फ्लॉट, हा वाद बरीच वर्षे चालला. जर्मनीतील ‘एसोपेक’ चाचणीने तो फ्लॉटच्या बाजूने झुकविला. तीन वर्षांनी फ्लॉट गटातील ५७ टक्के, तर दुसऱ्या गटातील ५१ टक्के रुग्ण हयात होते. २०२५ मध्ये फ्लॉटला प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या ड्युर्व्हालुमॅबची जोड दिल्याने रोग उलटण्याचे प्रमाण आणखी घटल्याचे दिसले. त्याची किंमत मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडची आहे.

थांबणे म्हणजे उपाशी राहणे नव्हे. घास उतरत नसेल तर नाकातून किंवा पोटातून लहान आतड्यात नळी घालून पोषण सुरू करतात. खंगलेल्या रुग्णावर घाईने केलेली शस्त्रक्रिया टाके न जुळण्याला निमंत्रण असते. न थांबणारा रक्तस्राव किंवा जठराला पडलेले भोक, अशा प्रसंगी अर्थातच वाट पाहता येत नाही.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते

वरच्या भागातील गाठीसाठी सहसा संपूर्ण जठर आणि अन्ननलिकेचे खालचे टोक काढावे लागते. ‘गाठ वर आहे, तर वरचेच अर्धे काढा’ ही सूचना तर्काला पटते, पण उरलेले अर्धे जठर थेट अन्ननलिकेला जोडले तर आम्ल व पित्त वर चढून रुग्णाला उभ्या जन्माची जळजळ लागते. जपान आणि कोरियात सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांसाठी लहान आतड्याचा तुकडा मध्ये घालून हा त्रास कमी करण्याच्या पद्धती रुळल्या आहेत.

जठर काढल्यावर लहान आतडे एका ठिकाणी कापून त्याचे खालचे टोक वर ओढून अन्ननलिकेला जोडतात. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस आणणारे दुसरे टोक हात-दीड हात खाली त्याच आतड्याला जोडले जाते. स्वित्झर्लंडचे सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी दिसते. जठराचा खालचा भाग यशस्वीपणे काढण्याचा मान व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोथ यांना १८८१ मध्ये मिळाला, तर संपूर्ण जठर काढण्याचे धाडस झुरिचच्या कार्ल श्लाटर यांनी १८९७ मध्ये केले. त्यांची रुग्ण वर्षाहून अधिक काळ जगली आणि जठराविना माणूस जगू शकतो, हे वैद्यकाला प्रथमच कळले.

तरीही जोडणीपेक्षा काढणी महत्त्वाची. गाठीभोवती काही सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन कापावे लागते आणि अन्ननलिकेकडील कडा रोगमुक्त आहे की नाही, हे शस्त्रक्रिया चालू असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेणे इष्ट असते. त्याबरोबर जठराला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या मुळापर्यंतच्या ग्रंथी काढल्या जातात. ‘डी-टू’ म्हणतात ती हीच पद्धत. अहवालात किमान १६ ग्रंथी तपासलेल्या असाव्यात, असा संकेत आहे. ही पद्धत जपानने रूढ केली तेव्हा युरोपात तिच्याविषयी शंका होती, कारण नेदरलँड्समधील मोठ्या चाचणीत सुरुवातीला मृत्यू वाढले. त्याच रुग्णांचा १५ वर्षांचा हिशेब २०१० मध्ये आला, तेव्हा डी-टू झालेल्यांत जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी असल्याचे दिसले. सुरुवातीच्या हानीचे मोठे कारण प्लीहा आणि स्वादुपिंडाचा भाग काढण्याची तेव्हाची प्रथा हे होते. गाठ जठराच्या मोठ्या बाकाला भिडलेली नसेल तर वरच्या भागातील कर्करोगातही प्लीहा काढून काही लाभ नाही, हे जपानी चाचणीने २०१७ मध्ये स्पष्ट केले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी २००६ मध्ये आपला डी-टूचा अनुभव प्रसिद्ध करून भारतीय आकडेवारी आंतरराष्ट्रीय चाचण्यांत सामावून घेण्याजोगी झाल्याचे नोंदविले होते.

पोट उघडून की दुर्बिणीतून, यंत्रमानवाच्या साहाय्याने की हाताने, याची चर्चा जाहिरातींत अधिक रंगते. छेद लहान असला की वेदना कमी होतात, हे खरे. पण आतून किती ग्रंथी निघाल्या आणि कडा स्वच्छ आहे का, हे प्रश्न छेदाच्या लांबीपेक्षा मोठे आहेत.

कोठे करावी

अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लाखो शस्त्रक्रियांच्या अभ्यासात जठर आणि विशेषतः अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियांमध्ये, ज्या रुग्णालयांत त्या अधिक संख्येने होतात तेथे मृत्यू कमी होतात, असे आढळले. कारण साधे आहे. सर्वांत भीतिदायक गुंतागुंत म्हणजे अन्ननलिका आणि आतडे यांच्या जोडातून होणारी गळती. ती साधारण पहिल्या आठवड्याच्या आगेमागे प्रकट होते: नाडी जलद, किंचित ताप, अस्वस्थपणा. हे रात्री दोन वाजता ओळखणारा निवासी डॉक्टर, लगेच होणारा स्कॅन, अतिदक्षता विभाग, हे सारे असेल तर रुग्ण वाचतो. अनुभवी केंद्रांत शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यू शंभरात दोन-तीनच्या आसपास ठेवता येतात.

बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि निदानासाठीची धावपळ कमी होण्यास त्याचा उपयोग आहे. निदान, पोषण, केमोथेरपीच्या मधल्या रक्ततपासण्या, नंतरची इंजेक्शने ही कामे घराजवळ होणेच सोयीचे. शस्त्रक्रियेचा एक दिवस मात्र अंतर मोजून ठरवू नये. पहिली शस्त्रक्रिया अपुरी झाली तर दुसऱ्यांदा ती पुरी करून घेण्याची संधी या आजारात सहसा मिळत नाही. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, केमोथेरपीतज्ज्ञ व किरणोपचारतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात का, हे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. चांगला शल्यचिकित्सक या प्रश्नांची उत्तरे शांतपणे देतो.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. रुग्णालय योजनेत आहे का आणि ठरलेला उपचार तीत बसतो का, हे तेथील आरोग्यमित्राकडून आधी पक्के करून घ्यावे. मोठ्या रुग्णालयात जाताना केवळ अहवालाचा कागद नको. बायोप्सीच्या काचपट्ट्या, मेणाचा ठोकळा आणि स्कॅनची सीडी बरोबर हवी. ती मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे आणि त्यामुळे फेरी वाचते.

आकडे काय सांगतात

रोग केवळ वरच्या थरांत आणि ग्रंथी स्वच्छ असतील तर पाच वर्षांनी दहापैकी नऊ रुग्ण हयात असतात, असा जपानचा अनुभव आहे. भिंत ओलांडून ग्रंथींत पोचलेल्या रोगात, वर सांगितल्याप्रमाणे, पूर्ण उपचारांनंतर निम्म्याच्या आसपास. यकृतात किंवा उदरपटलावर पसरल्यावर जठर काढून आयुष्य वाढत नाही. औषधोपचाराने सरासरी वर्षभराच्या आसपास काळ मिळतो. गाठीत ‘हर-टू’ हे प्रथिन किंवा जनुकीय दुरुस्तीतील विशिष्ट बिघाड आढळल्यास लक्ष्यवेधी औषधांमुळे तो वाढतो, म्हणून या चाचण्या मागून घ्याव्यात. अशा रुग्णाचा घास उतरावा म्हणून जाळीदार नळी बसविता येते, रक्तस्रावावर किरणोपचार करता येतात. ‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य त्यामुळे बहुधा चुकीचे असते, अगदी रोग बरा होणार नसला तरी.

पाच वर्षांचा आकडा हा शंभर जणांचा असतो. एका माणसाला तो त्याचे भविष्य सांगत नाही. रोग उलटलाच तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, त्यामुळे ती पार पडली की चित्र बरेच उजळते.

जठराविना संसार

पहिल्या वर्षात वजन लक्षणीय घटते आणि पुष्कळांचे पूर्ववत होत नाही. जठर ही साठवणीची कोठी. ती गेल्यावर दोन वेळच्या भरल्या ताटाऐवजी दिवसातून सहा-आठ वेळा थोडेथोडे खावे लागते, बारीक चावून. जेवताना तांब्याभर पाणी पिण्याची सवय मोडून पाणी मधल्या वेळी घ्यावे लागते. उसाच्या पट्ट्यात सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे रस, काकवी, गूळ आणि गोडधोड एकदम पोटात गेले की ते थेट आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, चक्कर, जुलाब असा ‘डंपिंग’चा झटका येतो. चमचा-दोन चमचे चालतात, पेलाभर नाही. शेतावर परतण्यास काही महिने लागतात. परततात मात्र अनेकजण.

ब-१२ जीवनसत्त्व शोषून घेण्यासाठी लागणारा घटक जठरातच तयार होतो. शरीरातील साठा दोन-चार वर्षे पुरतो, म्हणून इंजेक्शन चुकले तरी आरंभी काही बिघडत नाही. मग पायांना मुंग्या, तोल जाणे, रक्तक्षय सुरू होतो आणि रोग परतला की काय, या भीतीने घर हवालदिल होते. हे इंजेक्शन आयुष्यभर ठरावीक काळाने घ्यायचे असते आणि ते गावातल्या दवाखान्यातही मिळते. लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वावरही लक्ष ठेवावे लागते.

तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते आणि या भागातल्या घराघरांत आषाढीचा उपवास असतो. जठर काढलेल्या रुग्णाने निराहार राहू नये. राजगिरा, भगर, दूध, केळे असे दर दोन-तीन तासांनी थोडे घेतले तर उपवासही राहतो आणि प्रकृतीही. साबुदाण्याची तेलकट खिचडी बशीभर एकदम खाणे मात्र टाळावे. पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणीस जायचे असते. वजनाची नोंद घरच्या वहीत ठेवून ती बरोबर नेल्यास डॉक्टरांना त्या वहीचा उपयोग एखाद्या स्कॅनइतका होतो.